ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवताना: साताऱ्यातल्या एका झेड ४ चं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००४ ची बीएमडब्ल्यू झेड ४. दोन आसनं, कापडी टप, २.५ लिटरचं सहा सिलिंडरचं एम ५४ इंजिन, पाच गिअरचा ऑटोमॅटिक आणि उजव्या हाताचं स्टिअरिंग. मालक साताऱ्यातले व्यावसायिक, गाडीचे तिसरे धनी. घेताना मीटरवर एक लाख दहा हजार किलोमीटर होते. वापर ठरलेला: रविवारी पहाटे यवतेश्वर घाट चढून कास, अधूनमधून मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वर आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा पुणे. रोजच्या कामाला घरात दुसरी गाडी होती, त्यामुळे ही उभी राहिली तरी कुणाचं अडत नव्हतं. पुढच्या बऱ्याच निर्णयांना या एका गोष्टीचा आधार होता.

काम साताऱ्यातल्याच एका गॅरेजमध्ये झालं. तिथल्या मिस्त्रींना मॅन्युअल गिअरबॉक्सचा पंचवीसेक वर्षांचा हात होता, पण या बनावटीची गाडी त्यांनी आधी उघडलेली नव्हती. वायरिंगसाठी वेगळा इलेक्ट्रिशियन आणि कोडिंगसाठी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी बदलण्यासाठी, पुण्याहून लॅपटॉप घेऊन येणारा जाणकार, अशी तीन माणसांची जुळणी होती.

अडचण

थंड असताना गिअरबॉक्स बरा चालायचा. केळघर घाटात अर्ध्यावर गेलं, की तिसऱ्यातून चौथ्यात जाताना इंजिनचे फेरे एकदम वर जायचे आणि गाडी मात्र तिथेच. क्षणभराने धक्का बसून गिअर पकडायचा. पुढे पुढे डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा इशारा यायचा आणि गाडी एकाच वरच्या गिअरमध्ये अडकायची. बंद करून पुन्हा चालू केली, की थोडा वेळ ठीक.

तेल आधी कधी बदललं याची नोंद नव्हती. या जातीच्या गिअरबॉक्सला गाडीच्या पुस्तिकेत तेल बदलायची मुदत दिलेली नसते, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. खालचं पॅन काढल्यावर तेल काळं आणि जळक्या वासाचं निघालं. पॅनमधल्या चुंबकांवर राखाडी मऊ लगदा असणं नेहमीचंच, त्याने घाबरायचं कारण नसतं. इथे लगद्यात चमकणारे कपचे होते आणि पॅनच्या तळाशी क्लच प्लेटांच्या अस्तराचा काळा चुरा बसलेला होता.

इथे पहिला निर्णय आला. "आधी तेल बदलून बघू" असा मालकांचा आग्रह होता. अस्तरच झिजलेलं असेल तर नव्या तेलाने ते परत येत नाही. तरी नवं तेल आणि फिल्टर घातलं. तीन आठवडे बरे गेले आणि चौथ्या रविवारी गाडी यवतेश्वरच्या वळणावरून टोचन करून खाली आणावी लागली. तेलाचा तो खर्च थेट पाण्यात गेला.

पर्याय

पहिला पर्याय होता ऑटोमॅटिकचीच पूर्ण दुरुस्ती. पुण्यातून आलेला अंदाज १ लाख ९० हजारांचा होता. त्यात क्लच प्लेटा, सील आणि टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद तेलामार्फत ऑटोमॅटिकला देणारा भाग) काम धरलेलं होतं. गिअर बदलायला तेलाचा दाब वळवणारी व्हॉल्व्ह बॉडी मात्र "उघडल्यावर बघू" या सदरात होती, आणि खर्च फुगतो तो बहुतेक वेळा तिथेच. दुसरा पर्याय जुना ऑटोमॅटिक आणून बसवण्याचा. सगळ्यात स्वस्त, पण त्याचंही वय वीस आणि आतलं कुणालाच दिसत नाही. तिसरा पाच गिअरचा मॅन्युअल. चौथा सहा गिअरचा. पाचवा, आहे तशी विकून टाकणे.

पाच आणि सहा गिअरमधला फरक मालकांनी कागदावर मांडून घेतला, हे बरं झालं. गिअरचा आकडा म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या एका फेऱ्याला इंजिनचे किती फेरे. पाच गिअरच्या मॅन्युअलचे आकडे असे: ४.२३, २.५२, १.६६, १.२२ आणि १.००. म्हणजे पाचवा गिअर थेट, एकास एक. मूळ ऑटोमॅटिकचा पाचवा ०.७४ होता. सहा गिअरच्या मॅन्युअलचा सहावा ०.८५. महामार्गावर सहा गिअर आरामाचा पडतो, पण तो मिळणं अवघड आणि किंमत जवळपास दुप्पट. मालकांचे बहुतेक किलोमीटर घाटातले, म्हणून पाच गिअरवर शिक्का बसला.

केवळ पैसे वाचवायला कुणी या वाटेला लागत असेल तर हिशेब चुकतो. शेवटी खर्च ऑटोमॅटिकच्या दुरुस्तीपेक्षा जास्तच झाला. मालकांना क्लच हवा होता, एवढंच खरं कारण होतं आणि ते पुरेसं होतं.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

या गाडीच्या आरसीवर इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, घनक्षमता, आसनं, रंग होते. गिअरबॉक्सच्या प्रकाराचा रकाना नव्हता आणि मॉडेलच्या नावातही ऑटोमॅटिक असा शब्द नव्हता. तरी मालकांनी काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा देऊन पोच घेतली आणि विमा कंपनीला ईमेलने कळवलं. हे कंटाळवाणं वाटतं. पण अपघातानंतर सर्व्हेअर खाली वाकून बघतो, तेव्हा तोंडी सांगितलेलं काही कामाला येत नाही. मॉडेलच्या नावातच ऑटोमॅटिक लिहिलेलं असेल, तर परवानगीचा प्रश्न सुटेपर्यंत एक बोल्टही सैल करू नये.

सुटे भाग

गिअरबॉक्स मुंबईतून आला, अपघातात गेलेल्या त्याच इंजिन-घराण्याच्या मॅन्युअल सेदानचा. किंमत ५५ हजार. घेण्याआधी मिस्त्रींनी तीन गोष्टी तपासल्या: इनपुट शाफ्ट हाताने वर-खाली हलवून किती खेळतो, प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट फिरवताना कुठे खरखरतं का, आणि तेलाच्या झाकणातून बोट घालून तेलात पितळी चुरा येतो का. पितळी चमक म्हणजे गिअर अलगद जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगा झिजलेल्या. इथे तेल काळसर पण स्वच्छ होतं.

आता खरी गंमत. सेदानचा गिअरबॉक्स इंजिनला चपखल बसतो, म्हणून सेदानचं बाकी सामानही बसेल असा समज होतो. सेदानच्या दोन चाकांमधलं अंतर २,७२५ मिलिमीटर, झेड ४ चं २,४९५. म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट जशाच्या तसा बसणं शक्यच नाही. पेडल, गिअर लिव्हरची पट्टी आणि गिअरबॉक्स पेलणारा आडवा क्रॉस मेंबरही झेड ४ चाच पाहिजे. आणि तोही उजव्या हाताच्या गाडीचा, कारण क्लच मास्टर सिलिंडरपासून निघणारी पाइप डाव्या हाताच्या गाडीत वेगळ्याच वाटेने जाते. अमेरिकेतून मिळणारा स्वस्त संच मालकांनी जवळपास मागवलाच होता. फोटोतलं स्टिअरिंग डावीकडे आहे हे इलेक्ट्रिशियनच्या लक्षात आलं म्हणून पैसे वाचले. शेवटी संच इंग्लंडमधून आला. तिथेही गाड्या उजव्या हाताच्याच.

इंग्लंडहून आलेल्या खोक्यात पेडलांचा पूर्ण संच, क्लच मास्टर सिलिंडर, त्याची पाइप, लिव्हर, सिलेक्टर रॉड, क्रॉस मेंबर आणि क्लचची नळी निघालेली ब्रेक ऑइलची टाकी होती. ही टाकी लोक विसरतात. क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतून तेल घेतात आणि ऑटोमॅटिक गाडीच्या टाकीला क्लचचं तोंड उघडं नसतं.

नवं घेतलेलं: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा संच, ड्युअल मास फ्लायव्हील (धक्के शोषणारा, दोन चकत्यांचा), फ्लायव्हीलचे बोल्ट, क्रँकच्या टोकात बसणारं पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, पेडलच्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर, रिलीज लिव्हर ज्यावर डोलतो ती प्लॅस्टिकची पिन आणि तिची स्प्रिंग क्लिप, पुढचं रबर कपलिंग आणि मधलं बेअरिंग. गिअरबॉक्ससोबत जुना फ्लायव्हील मिळाला होता, पण त्यावर निळे डाग होते आणि दोन चकत्या एकमेकींवर हाताने डुगडुगत होत्या. एकसंध हलका फ्लायव्हील बसवायचा मोह इथेच होतो. तो स्वस्तही असतो. पण न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्समधून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत राहतो आणि आठवड्याभरात मालकाची झोप उडते. ड्युअल मासच घेतला.

उतरवणी आणि जोडणी

सुरुवात गाडीखाली नव्हे, बाकड्यावर झाली. आणलेल्या मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल भरायचं झाकण आधी उघडून बघायचं आणि मगच तेल काढायचं, हा जुना नियम. भरायचं झाकण उघडलंच नाही तर तेल काढून टाकलेला गिअरबॉक्स हातात राहतो. नव्या सीलसह तेल भरलं, सुमारे सव्वा लिटर, भरायच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत. कोणतं तेल हे गिअरबॉक्सवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेलं असतं. अशा काही गिअरबॉक्सना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं पातळ तेल, लागतं, काहींना मॅन्युअलचं तेल. अंदाजाने जाड गिअर ऑइल घातलं तर थंडीत दुसरा गिअर पडायला कुरकुर करतो.

मग गाडी लिफ्टवर. सायलेन्सर, उष्णतेचे पत्रे, खालची मजबुतीची प्लेट आणि प्रोपेलर शाफ्ट या क्रमाने निघाले. उघड्या टपाच्या गाडीत खालची ही प्लेट शोभेची नसते. ती नसताना गाडी रस्त्यावर न्यायची नाही. टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट आधी सोडून तो गिअरबॉक्ससोबतच खाली घ्यायचा. विसरलं तर कन्व्हर्टर इंजिनच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या फ्लेक्सप्लेटवर लटकून राहतो आणि तेलाची आंघोळ होते.

बेल हाउसिंगचे, म्हणजे इंजिनला जोडणाऱ्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाचे, वरचे दोन बोल्ट या कामातले सगळ्यात खडूस. डोकं बाहेरून तारेच्या आकाराचं, ई-टॉर्क्सचं. साधी गोटी घातली की डोकं गोल झालंच. इंजिनचं मागचं टोक खाली झुकू दिलं आणि ६० सेंटिमीटरच्या एक्स्टेन्शनने, गिअरबॉक्सच्या वरून हात घालून ते निघाले. एकाला दोन तास गेले.

क्रँकचं सील बदललं, पायलट बेअरिंग सरळ ठोकून बसवलं. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, १०५ न्यूटन मीटर. ऑटोमॅटिकच्या फ्लेक्सप्लेटचे बोल्ट परत वापरायचे नाहीत, त्यांची लांबी वेगळी असते. प्रेशर प्लेट झीज स्वतः भरून काढणाऱ्या जातीची होती. ती बोल्ट आळीपाळीने आवळून बसवली तर आतली रिंग सरकून बसते आणि नव्या क्लचचं पेडल पहिल्याच दिवशी जड लागतं. त्यासाठीचं दाबून धरायचं हत्यार कोल्हापूरहून दोन दिवसांसाठी भाड्याने आणलं. बोल्टांवर ८.८ छापलेलं होतं, म्हणून २४ न्यूटन मीटर. १०.९ असतं तर ३४.

ऑटोमॅटिकच्या ऑइल कूलरकडे जाणाऱ्या दोन्ही पाइप काढून तोंडं बंद केली. इंजिनचे फेरे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरची धास्ती काहींना असते, कारण कित्येक इंजिनांत तो फ्लायव्हीलवरून वाचतो. एम ५४ मध्ये त्याचं चाक क्रँकवरच, ब्लॉकच्या आत आहे. फ्लायव्हील बदलल्याने काही फरक पडत नाही.

प्रोपेलर शाफ्टसाठी गिअरबॉक्स जागेवर आवळून, गाडी चाकांवर उभी करून माप घेतलं. लिफ्टवर लोंबकळत्या चाकांनी घेतलेलं माप काही मिलिमीटरनी फसवतं. सेदानच्या शाफ्टचा पुढचा भाग घेतला, कारण मॅन्युअलच्या रबर कपलिंगला त्याचंच तोंड जुळतं. कोल्हापूरच्या एका वर्कशॉपमध्ये नळी कापून, वेल्ड करून, झेड ४ च्या मागच्या भागाशी जोडून संपूर्ण शाफ्ट बॅलन्स करून आणला. बसवताना मधलं बेअरिंग ४ ते ६ मिलिमीटर पुढे ओढून आवळलं. हा ताण दिला नाही तर गाडी सुटताना खालून घरघर येते आणि सगळे क्लचला दोष देतात.

वायरिंग आणि कोडिंग

ऑटोमॅटिक गाडीत पी किंवा एन मध्ये लिव्हर असल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय इमोबिलायझर, म्हणजे चोरीविरोधी यंत्रणा, स्टार्टर फिरू देत नाही. लिव्हरच राहिली नाही तर सिग्नल कुठून येणार? पहिल्या दिवशी किल्ली फिरवल्यावर काहीच झालं नाही, तेव्हा निम्मा दिवस बॅटरी आणि अर्थिंग तपासण्यात गेला. नंतर तो सिग्नल क्लच पेडलच्या स्विचमधून घेतला. क्लच दाबल्याशिवाय गाडी चालू होत नाही, हे घाटात राहणाऱ्या माणसाला सोयीचंच. तारांचे रंग इथे मुद्दाम दिलेले नाहीत; वर्ष आणि देश बदलला की ते बदलतात. ज्या गाडीवर काम चाललंय तिचाच नकाशा उघडावा.

रिव्हर्सच्या दिव्याला मॅन्युअल गिअरबॉक्सवरच दोन तारांचा स्विच असतो. क्रूझ कंट्रोल क्लच दाबल्यावर सुटला पाहिजे, म्हणून पेडलवर दुसरा स्विच लागतो. पुण्याच्या जाणकाराने गाडीच्या पर्यायांच्या यादीतला २०५ हा ऑटोमॅटिकचा आकडा काढला, क्लस्टर (डॅशबोर्डवरचे मीटर) आणि इंजिन ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मॅन्युअल म्हणून कोड केले. डॅशवरचं पी-आर-एन-डी गेलं, इशाराही गेला. दीड तासाचं काम.

पहिली चाचणी आणि आवाज

गाडी चालू झाली, गिअर पडले, गॅरेजमध्ये पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी यवतेश्वरला नेल्यापासून तीन गोष्टी लक्षात येत गेल्या. सुटताना गाडी थरथरायची. क्लच दाबला की पक्षी चिवचिवल्यासारखा आवाज. आणि दीडशे किलोमीटरनंतर रिव्हर्स टाकताना कर्र.

पहिला संशय हवेवर गेला आणि तो रास्त होता. या गाड्यांच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये हवा अडकते. नुसतं पेडल मारून ती निघत नाही. सिलिंडर सोडून, दांडा हाताने पूर्ण आत दाबून धरून, डॉट ४ तेल दाबाने सोडत ब्लीड करावं लागतं. तीनदा केलं. पेडल टणक झालं, आवाज तसाच. मग संशय पायलट बेअरिंगवर. मग नव्या क्लच प्लेटवर. या सगळ्यात नऊ दिवस गेले आणि त्या नऊ दिवसांत गाडी चालवली जात होती. मोठी चूक हीच. गिअरबॉक्स परत उतरवायला सगळ्यांचाच जीव होत नव्हता.

शेवटी उतरवला. क्लच प्लेटच्या मधल्या दातांवर एका बाजूला चकाकी, दुसऱ्या बाजूला ग्रीस जसंच्या तसं. म्हणजे शाफ्ट मधोमध चालत नव्हता. मिस्त्रींनी टॉर्च इंजिनच्या मागच्या तोंडावर मारला. बोल्टांच्या भोकांपैकी दोन भोकं बाकीच्यांपेक्षा अंमळ मोठी, कड स्वच्छ, आत तेलाची बारीक वर्तुळं. त्यांनी करंगळी घालून बघितली, मग दुसऱ्या भोकात.

"गाईड बुश कुठं गेले रं हितले?"

पोराने बाकड्याखालचे डबे उपसले. "नाना, जुन्या खोक्यातच राहिले असतील."

जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आठ दिवसांपूर्वीच भंगारात गेला होता.

बेल हाउसिंगचे बोल्ट गिअरबॉक्स आवळून धरतात. तो मधोमध बसवायचं काम या दोन पोकळ नळ्यांचं, डॉवेलचं असतं. बोल्टांची भोकं थोडी सैल असतात. डॉवेल नसले तर गिअरबॉक्स आपल्या वजनाने केसभर खाली बसतो. इनपुट शाफ्ट आणि क्रँक यांचे मध्य जुळत नाहीत, शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगला एका बाजूने रगडत राहतं. चिवचिव तिथली. क्लच प्लेट नीट मोकळी होत नाही म्हणून रिव्हर्सला कर्र. उतरवताना हे डॉवेल कधी ब्लॉकमध्ये राहतात, कधी हाउसिंगसोबत निघतात. इथे ते हाउसिंगसोबत गेले आणि मुंबईहून आलेल्या गिअरबॉक्समध्येही नव्हते.

पुन्हा निर्णयाची वेळ. सातारा एमआयडीसीतला टर्नर एका दुपारी दोन नळ्या करून द्यायला तयार होता. मूळ डॉवेल मागवले तर बारा दिवस. किंमत दोन्हीकडे किरकोळ. मिस्त्री लेथच्या बाजूचे होते. मालकांनी थांबायचं ठरवलं आणि ते बरोबर होतं. नमुना हातात नसताना टर्नर भोकाचं माप घेऊनच नळी करणार. ब्लॉक आणि हाउसिंग या दोन्ही बाजूंचं बसणं एकाच वेळी जुळलं तरच तिचा उपयोग. किंचित सैल झाली तर पुन्हा तोच खेळ, घट्ट झाली तर ॲल्युमिनिअमचं हाउसिंग तडकायची भीती.

डॉवेल आले. पायलट बेअरिंग आणि क्लच प्लेट पुन्हा नवी घालावी लागली. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील वाचले. त्यानंतर आवाज नाही, थरथर नाही.

थांबण्याच्या या दिवसांत जुलै उजाडला होता आणि गाडी गॅरेजबाहेर ताडपत्रीखाली. टपाच्या कडेच्या पाणी वाहून जायच्या नळ्या पानांनी तुंबल्या आणि टप उघडणारी हायड्रॉलिक मोटर पाण्यात बसली. या मॉडेलचा हा जुनाच रोग आहे. गिअरबॉक्सशी त्याचा काही संबंध नव्हता, पण खर्च याच कामाच्या वहीत चढला.

डिफचा निर्णय

डिफ म्हणजे प्रोपेलर शाफ्टची ताकद मागच्या चाकांना वाटणारा डिफरन्शियल; त्याचा आकडा म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे. गाडीच्या डिफवर ३.४६ ची पट्टी होती, ऑटोमॅटिकला साजेशी. मॅन्युअलसोबत ३.०७ जास्त जुळतो. इंग्लंडच्या त्याच विक्रेत्याकडे तो होता, पण वजनामुळे वाहतूक आणि सीमाशुल्क धरून किंमत तिपटीवर जात होती. मालकांनी नको म्हटलं.

२२५/५० आर १६ टायर धरून ताशी १०० ला फेऱ्यांचा हिशेब असा पडतो. मूळ ऑटोमॅटिक: सुमारे २,२००. मॅन्युअल आणि ३.४६: जवळपास २,९५०. मॅन्युअल आणि ३.०७: सुमारे २,६००. दुसऱ्या गिअरमध्ये ३,००० फेऱ्यांना ३.४६ वर गाडी ताशी ४० ला असते, ३.०७ वर ४५ ला. यवतेश्वरच्या वळणांना ३.४६ झकास लागू पडतो, दुसरा गिअर सोडावासाच वाटत नाही. पण पहिला गिअर फारच आखूड, चढावर सुटलं की लगेच संपतो. आणि खंबाटकी ओलांडून पुण्याकडे लागलं, की हात आपोआप सहावा गिअर शोधायला लागतो.

डिफ बदलला तरी या गाडीचा वेगाचा काटा चुकत नाही, कारण वेग चाकांच्या सेन्सरवरून घेतला जातो. म्हणजे हा बदल पुढे कधीही करता येतो, मालकांचा तो युक्तिवाद खरा आहे. फक्त तो डिफ त्याच खोक्यातून आला असता तर वाहतूक एकदाच लागली असती.

निकाल

दहा दिवसांचं धरलेलं काम सात आठवडे चाललं. गिअरबॉक्स ५५ हजारांचा. बाकी भाग, शाफ्ट, कोडिंग आणि मजुरी मिळून त्याच्या साडेतीनपट. गाडी त्यानंतर चार हजार किलोमीटर चालली. गिअरबॉक्सचं तेल पहिल्या हजाराला बदलून बघितलं, धातू नाही. केळघर घाट उतरताना दुसऱ्यात टाकून ब्रेकला पाय न लावता गाडी रेंगाळत येते, ऑटोमॅटिकमध्ये तितकी जमत नसलेली ही गोष्ट मालकांना सगळ्यात जास्त आवडली. विमा कंपनीने बदलाची नोंद घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

नवा बसवलेला गिअरबॉक्स शंभरेक किलोमीटर चालेपर्यंत जुना विकायचा नव्हता. भंगारवाल्याने दिलेल्या पैशांत डॉवेल, क्लच प्लेट आणि बेअरिंगचा निम्मा खर्चही निघाला नाही.

दोन्ही गिअरबॉक्स शेजारी ठेवून, ब्लॉकसमोर उभं राहून, काय कुठे राहिलं याची मोजणी गाडीखाली हात घालण्याआधी व्हायला हवी होती. दहा मिनिटांचं काम. उतरवताना मोबाइलवर काढलेले तीसेक फोटो होते. त्यातल्या एकात जुन्या हाउसिंगच्या कडेला डॉवेलची चकचकीत कड स्पष्ट दिसते. फोटो काढणाऱ्याने तो नंतर कधी उघडून बघितला नव्हता.

चिवचिव ऐकू आली त्याच दिवशी गाडी उभी करायला हवी होती. हवेचा संशय एकदा ब्लीड करून फिटतो. तीनदा करण्यात नुसतं टाळणं होतं. क्लच दाबल्यावर येणारा आणि सोडल्यावर जाणारा आवाज रिलीज किंवा पायलट बेअरिंगकडेच बोट दाखवतो आणि दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर साताऱ्यात कापडी टपाची गाडी उघडायला घ्यायची नाही. घ्यायचीच असेल तर छपराखालची जागा आधी पक्की करायची.

डिफचा विषय अजून मिटलेला नाही. मालक इंग्लंडच्या विक्रेत्याला अधूनमधून विचारत असतात. ३.०७ चा तो डिफ मध्यंतरी दुसऱ्या कुणीतरी नेला.